अडीच वर्षांच्या मुलीच्या कानाचा सीटी: रेडिएशन कमी ठेवलं तर चित्र धूसर येतं का?

प्रश्न थोडक्यात असा. पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्ष बागायतदाराची मुलगी अडीच वर्षांची आहे. बेरा टेस्टमध्ये (आवाजाला ऐकण्याची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का हे बघणारी तपासणी) दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही असं निघालं. नाशिकच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कॉक्लिअर इम्प्लांटच्या (आतल्या कानात तार घालून ऐकू आणणाऱ्या उपकरणाच्या) दृष्टीने 'एचआरसीटी टेम्पोरल बोन' आणि एमआरआय सांगितला. घरात कुणी म्हणालं, एक सीटी म्हणजे पाचशे एक्स-रे. पुण्याच्या मेहुण्यांनी सुचवलं, दातांच्या डॉक्टरांकडे 'कोन बीम' मशीन असतं, त्यात रेडिएशन कमी. वडील विचारतात: सीटी टाळता येईल का? आणि नाहीच टाळता आला, तर कमी रेडिएशनमध्ये डॉक्टरांना हवं ते दिसेल का, की पुन्हा करायला लावतील?

मी रेडिओलॉजिस्ट आहे, नाशकात बावीस वर्षं हेच काम करते. तुमच्या शेवटच्या तीन शब्दांत, 'पुन्हा करायला लावतील', खरी मेख आहे. तिकडे येतेच. पण आधी सरळ उत्तर: ऑपरेशनचा विचार पक्का असेल तर हा सीटी टाळू नका. कमी डोसमध्ये तो चांगला येतो. शरीराच्या इतर कुठल्याही भागापेक्षा कानाच्या हाडाला कमी डोस जास्त मानवतो.

नावाचा घोळ आधी मिटवते. कोविडने आपल्याकडे घरोघरी एचआरसीटी हा शब्द पोचवला, आणि त्याच्या शेपटीला 'स्कोअर'. अजूनही कानाचा स्कॅन करून बाहेर आलेले आजोबा विचारतात, "मॅडम, स्कोअर किती आला?" स्कोअर फुप्फुसांचा असतो. एचआरसीटी म्हणजे फक्त बारीक कापांचा सीटी, मग तो छातीचा असो नाहीतर कानशिलातल्या हाडाचा. 'पाचशे एक्स-रे' हा आकडाही छाती-पोटाच्या सीटीवरून आलेला आहे. तिथे छातीच्या एका एक्स-रेच्या काही शेकडा पट डोस जातो हे खरंच आहे. कानाला तो हिशेब लागू नाही. कानाचा हिशेब पुढे करून दाखवते, कारण आकडा बघितल्याशिवाय आईबापांची झोप परत येत नाही हे मला ठाऊक आहे.

आता बघायचं आहे काय, ते किती लहान आहे, ते समजून घ्या. तुम्ही द्राक्षवाले, तुम्हाला एमएमची भाषा मी काय सांगायची? मणी १६ एमएमचा की १८ चा यावर तुमचा भाव ठरतो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा भाग असतो, कॉक्लिया. तो बुडाशी साधारण ९ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ५ मिलिमीटर उंच. तुमच्या निर्यातीच्या एका मण्यात अख्खी कॉक्लिया आरामात बसेल. त्या अडीच वेढ्यांच्या आत पडदे आहेत, मधोमध खांब आहे, आणि मज्जातंतू आत शिरण्याचं एक भोक आहे. ते दीडएक मिलिमीटरपेक्षा अरुंद निघालं तर आम्ही सावध होतो, कारण मग आतला मज्जातंतूच बारीक असण्याची किंवा नसण्याची शंका येते. मधल्या कानातलं रिकिबीचं हाड जेमतेम ३ मिलिमीटर, आणि त्याची तळपट्टी पाव मिलिमीटरच्या आसपास जाड.

आणखी एक गोष्ट पालकांना नेहमी चकित करते. आतला कान आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारासच पूर्ण मापाचा होतो. नंतर मूल वाढतं, कवटी वाढते, कॉक्लिया तेवढीच राहते. तुमच्या मुलीची कॉक्लिया तुमच्या कॉक्लियाएवढीच आहे. डोकं मात्र लहान आणि हाडं पातळ, त्यामुळे पलीकडे पोचायला किरण कमी लागतात. मोठ्यांचं सेटिंग जसंच्या तसं लहान मुलाला लावणं हा आळस आहे, आणि तो तिला महागात पडतो.

इथे एक पेच आहे. सीटीचं चित्र छोट्या छोट्या ठोकळ्यांचं बनलेलं असतं. जितका ठोकळा लहान, तितका तपशील जास्त. पण लहान ठोकळ्यातून किरणही कमी जातात, म्हणून त्याचा आकडा डळमळतो आणि चित्रात दाणे येतात. आमच्या भाषेत त्याला नॉइज म्हणतात. ठोकळ्याची प्रत्येक बाजू निम्मी करायची आणि दाणे मात्र पूर्वीइतकेच ठेवायचे, असा हट्ट धरला तर गणिताप्रमाणे डोस सोळापट करावा लागतो. सोळापट! म्हणजे 'बारीक' आणि 'कमी डोस' हे दोन शब्द एका वाक्यात येऊच नयेत असं वाटेल.

ही अडचण कानात सुटते, आणि ती हाडामुळे सुटते. सीटी प्रत्येक गोष्टीला घनतेचा एक आकडा देतो, सीटी ज्यांनी घडवला त्या हाउन्सफिल्ड यांच्या नावाने. पाणी शून्य, हवा उणे १०००. मेंदूचा करडा भाग आणि पांढरा भाग यांच्यातला फरक मात्र दहाच्या आसपास. आतल्या कानाभोवतीचं हाड हे शरीरातलं सगळ्यांत घट्ट हाड, दोन हजारांच्या आसपास जाणारं. (हजारो वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतून डीएनए मिळवायला पुरातत्त्वाचे अभ्यासक याच हाडाला हात घालतात, बाकी सगळं झिजतं, हे टिकतं.) तर मेंदूत आम्ही दहाचा फरक शोधतो आणि कानात हाड विरुद्ध पाणी, हाड विरुद्ध हवा असा दोन-तीन हजारांचा. हिवाळ्यात पहाटे धुकं पडलं की बांधावरचा बगळा दिसत नाही, पण म्हैस दिसते. धुकं तेवढंच असतं. मेंदूचा सीटी म्हणजे बगळा शोधणं आणि कानाचा सीटी म्हणजे म्हैस.

डोस निम्मा केला तर दाणे दुप्पट होत नाहीत, साधारण १.४ पट होतात. पाव केला तर दुप्पट. मेंदूच्या स्कॅनमध्ये दाणे दुप्पट झाले तर पक्षाघाताचा लहानसा झटका हातचा निसटेल. कानात दाणे दुप्पट झाले तरी कॉक्लियाचे वेढे मोजता येतात. चित्र थोडं खरखरीत दिसतं, एवढंच. तेव्हा 'छान, गुळगुळीत' चित्राचा मोह धरायचा नाही. नवीन रेडिओलॉजिस्टना माझं हे सांगणं असतं: कानाचा सीटी डोळ्यांना जरा खडबडीत लागला नाही, तर समज की तू गरजेपेक्षा जास्त किरण दिलेस. संगणकाने चित्र पुन्हा पुन्हा घासून दाणे कमी करण्याच्या पद्धती आता बहुतेक नव्या यंत्रांत आहेत. त्यांनी मदत होते, पण त्या फार लावल्या की बारीक पडदेही पुसले जातात. कानात मी त्या हलक्या हातानेच वापरते.

आता आकडा. प्रत्येक सीटी यंत्र स्कॅननंतर डोसचं एक पान तयार करतं. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक 'सीटीडीआय', म्हणजे दर कापाला दिलेली तीव्रता, मिलिग्रेमध्ये. दुसरी 'डीएलपी', म्हणजे ती तीव्रता गुणिले स्कॅनची लांबी. उदाहरण घ्या. मुलांच्या सेटिंगवर सीटीडीआय २० ठेवला आणि फक्त कानाचा ४ सेंटीमीटर पट्टा घेतला, तर डीएलपी ८०. वर्षाच्या बाळाच्या डोक्यासाठी त्याला ०.००६७ ने गुणतात. उत्तर येतं साधारण अर्धा मिलिसिव्हर्ट (सगळ्या शरीराच्या धोक्याच्या हिशेबाने डोस मोजायचं माप). तुमची मुलगी अडीच वर्षांची, म्हणजे तिच्यासाठी त्याहून थोडं कमी. आता तोच स्कॅन निष्काळजीपणे केला, अख्खं डोकं १५ सेंटीमीटर घेतलं, मोठ्यांचं सेटिंग ठेवून सीटीडीआय ४० दिला, तर डीएलपी ६०० आणि उत्तर ४ मिलिसिव्हर्ट. यंत्र तेच, मूल तेच, चिठ्ठीही तीच. फरक आठपट.

तुलनेला म्हणून: माती, दगड, हवा, अन्न आणि आकाश यांतून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे नीट केलेला कानाचा सीटी हा दोन-अडीच महिन्यांच्या साध्या जगण्याइतका. एक्स-रेच्या भाषेत हवं असेल तर छातीचे वीस-पंचवीस, पाचशे नाहीत.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. २०१२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या मुलांचा मोठा अभ्यास आला. १९८५ ते २००२ या काळात ज्यांचे सीटी झाले अशांचा. दहा वर्षांखालच्या मुलांमध्ये डोक्याच्या दर १०,००० स्कॅनमागे पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण, असा त्यांचा अंदाज होता. ते स्कॅन अख्ख्या डोक्याचे होते आणि त्या काळात मुलांना वेगळं सेटिंग देण्याची सवय सगळीकडे रुजलेली नव्हती. तरीही मी हा आकडा पालकांपासून लपवत नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही सांगते: न ऐकणाऱ्या मुलाची भाषा शिकण्याची वर्षं, जी परत येत नाहीत.

डोळ्यांचं मात्र मनावर घ्या. डोळ्यातलं भिंग रेडिएशनला हळवं असतं. मोतीबिंदूसाठीचा उंबरठा रेडिएशनपासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०११ मध्ये खाली आणून अर्ध्या ग्रेवर, म्हणजे ५०० मिलिग्रेवर, ठेवला. कानाच्या एका स्कॅनमध्ये डोळे सरळ किरणांत आले तरी आपण त्या उंबरठ्यापासून बरेच लांब असतो. पण ज्या मुलाला इम्प्लांट होणार आहे त्याचे पुढेही स्कॅन होऊ शकतात, आणि भिंग जुनं खातं मिटवत नाही. उपाय फुकटचा आहे: हनुवटी छातीकडे झुकवायची. कानाचं हाड आणि डोळे एकाच पातळीत असतात ते त्यामुळे वेगळे होतात, आणि डोळे पट्ट्याच्या बाहेर जातात. मानेखाली योग्य जाडीची घडी ठेवायला अर्धा मिनिट लागतो. पूर्वी आडवे आणि उभे असे दोन वेगळे स्कॅन घेत असत, म्हणजे डोस दोनदा. आता एकाच स्कॅनमधून उभे, तिरपे, कसेही काप संगणक काढून देतो. कुणी आजही दोनदा स्कॅन करत असेल तर त्यांना कारण विचारा. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शनही या तपासणीला लागत नाही.

पोटावर शिशाचा एप्रन का घातला नाही, असं विचारतात. पोटापर्यंत जे थोडेफार किरण पोचतात ते बहुतेक शरीराच्या आतूनच पसरत जातात, बाहेरच्या एप्रनने ते अडत नाहीत. मनाच्या समाधानासाठी घालायला माझी हरकत नसते. डोळ्यांवरच्या बिस्मथच्या पट्ट्या मी वापरत नाही. त्या चित्र बिघडवतात, आणि यंत्र आपोआप डोस ठरवत असेल तर त्यालाही फसवतात. स्कॅनच्या वेळी आत थांबणाऱ्या माणसाने मात्र एप्रन घालायचाच, आणि आई गरोदर असेल किंवा तशी शंका असेल तर तिने आत थांबायचं नाही. आजीला आणा. आज्या या कामाला उत्तम असतात.

आता 'पुन्हा करायला लावतील' कडे येते.

माझ्या सुरुवातीच्या नोकरीतली गोष्ट. सुरगाण्याकडून एक मुलगा आला होता, तीनेक वर्षांचा. पहाटे चारला निघालेला, एसटीत झोपून ताजातवाना झालेला. टेबलावर ठेवला की रडायचा. झोपेचं औषध दिलं, ते लागायची वाट बघण्याइतका धीर कुणात नव्हता, कारण बाहेर रांग होती. पहिला स्कॅन हलला, दुसराही हलला. तिसरा त्यातल्या त्यात बरा आला. मी तेव्हा नवखी, काही बोलले नाही. पुढे त्याच्या फिल्म घेऊन आईवडील मुंबईला सर्जनकडे गेले. सर्जननी फिल्म उजेडाला धरल्या आणि विचारलं, सीडी कुठे आहे? सीडी दिलेलीच नव्हती. आमच्याकडे मागवली तेव्हा संगणकात फक्त जाड काप उरले होते, तेही अख्ख्या डोक्याच्या मापात. मूळ माहिती यंत्राने जागा करण्यासाठी पुसून टाकली होती. चौथा स्कॅन मुंबईत झाला. म्हणजे डोस कमी करण्याबद्दल आपण दशांशात बोलतो, आणि त्या पोराला मिळाला चौपट. आजही कुणी मला नव्या यंत्रातल्या डोस वाचवणाऱ्या सोयींबद्दल उत्साहाने सांगायला लागलं की मला तो मुलगा आठवतो.

त्यातून शिकलेलं सांगते, कारण हे कुठल्या माहितीपत्रकात नसतं. स्कॅन झाल्यावर लगेच, त्याच दिवशी, प्रत्येक कानाचं चित्र स्वतंत्रपणे छोट्या चौकटीत तयार करून घ्यायचं असतं. चित्राची जाळी ५१२ बाय ५१२ घरांची. अख्खं डोकं २४ सेंटीमीटरच्या चौकटीत बसवलं तर एक घर जवळपास अर्ध्या मिलिमीटरचं होतं. एकच कान १० सेंटीमीटरच्या चौकटीत घेतला तर घर ०.२ मिलिमीटरचं. किरण एकही जास्त लागत नाही, फक्त टेक्निशियनची दहा मिनिटं लागतात. पण हे मूळ माहिती यंत्रात आहे तोवरच जमतं. नंतर फोटो मोठा करून बघणं म्हणजे मोबाइलवर जुना फोटो बोटांनी ताणण्यासारखं. चौकोन मोठे होतात, तपशील येत नाही. काप ०.५ ते ०.६२५ मिलिमीटरचे हवेत, एकमेकांवर थोडे चढलेले. हाडासाठीचं तीक्ष्ण सेटिंग हवं. आणि हे सगळे बारीक काप सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मिळाले पाहिजेत. फिल्म दिसायला भारदस्त, पण कानाच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी.

म्हणून सेंटर निवडताना 'मशीन किती स्लाइसचं?' (म्हणजे एका फेरीत किती काप घेतं) एवढंच विचारू नका. सगळे तेच विचारतात, आणि १६ स्लाइसवर मन लावून केलेला कान १२८ स्लाइसवर उरकलेल्या कानापेक्षा चांगला येतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. फोनवर विचारा: लहान मुलांचं वेगळं सेटिंग लावता का? दोन्ही कानांचे वेगळे बारीक काप सीडीवर द्याल का? डोसचं पान सोबत मिळेल का? मूल झोपेपर्यंत थांबाल का? चौथ्या प्रश्नाला समोरचा माणूस कसं उत्तर देतो त्यावरून बाकी तीन उत्तरांचा अंदाज येतो. अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना प्रत्येक सीटी यंत्राला लागतो आणि त्याची गुणवत्ता तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. तेही विचारायचा तुम्हाला हक्क आहे, कुणी रागावणार नाही. रागावलं तर दुसरीकडे जा.

मेहुण्यांच्या कोन बीमबद्दल. ते चुकीचं सांगत नाहीत. त्या यंत्राचा ठोकळा ०.१ ते ०.१५ मिलिमीटरपर्यंत लहान असू शकतो, डोस बहुधा कमी असतो आणि धातूमुळे चित्रात येणाऱ्या रेघाही कमी असतात. इम्प्लांट बसवल्यानंतर तार नीट आत गेली का हे बघायला ते छान. पण त्यात रुग्ण बहुतेक वेळा खुर्चीवर बसलेला असतो आणि यंत्र डोक्याभोवती दहा-वीस सेकंद किंवा जास्त फिरतं. अडीच वर्षांच्या मुलीला खुर्चीत वीस सेकंद निश्चल बसवणारा माणूस मला भेटला तर मी त्याला नोकरीवर ठेवीन. शिवाय दातांच्या कामाच्या अनेक यंत्रांची चौकट जबड्यापुरतीच असते, कान त्यात येतच नाही. नेहमीचा सीटी तो पट्टा काही सेकंदांत संपवतो. हललेला कमी डोसचा स्कॅन म्हणजे वाया गेलेला डोस. तेव्हा मोठ्या, शांत बसणाऱ्या माणसासाठी कोन बीमचा विचार करा. तुमच्या मुलीसाठी नको.

फोटॉन काउंटिंग नावाचं नवं तंत्र आलं आहे. अमेरिकेत त्याच्या पहिल्या यंत्राला २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्यात प्रत्येक किरण थेट मोजला जातो, नेहमीच्या यंत्रातला, किरणांचा आधी प्रकाश करण्याचा मधला टप्पा गाळलेला आहे, त्यामुळे ०.२ मिलिमीटरचे काप कमी डोसमध्ये मिळतात. कानासाठी ते फारच सुंदर. पण तुमच्या मुलीच्या ऑपरेशनचा निर्णय त्याच्यावाचून अडलेला नाही. त्यासाठी महिने घालवू नका.

मग एमआरआय कशाला, दोन्ही कशाला? घर घेताना भिंती एक माणूस बघतो आणि वायरिंग दुसरा बघतो, तसं. सीटी हाडाच्या भिंती दाखवतो: कॉक्लियाचे वेढे पूर्ण आहेत का, तार घालायचं गोल भोक मोकळं आहे का, चेहऱ्याची नस नेहमीच्या वाटेनेच गेली आहे का, कानामागचं हाड पोकळ आहे की भरीव. सर्जन ड्रिल हातात घेतो तेव्हा त्याला हा नकाशा लागतो. एमआरआय आतलं पाणी आणि ऐकण्याचा मज्जातंतू दाखवतो. मज्जातंतूच नसेल तर सुंदर कॉक्लियात घातलेली तार कुणाला संदेश देणार? काही सर्जन ठरावीक रुग्णांत फक्त एमआरआयवर काम चालवतात, तेव्हा तुमच्या सर्जनना 'सीटी लागेलच का?' हा प्रश्न जरूर विचारा. पण त्यांनी हवा म्हटलं तर तो हवा. एमआरआयला वीस-तीस मिनिटं आणि त्यामुळे भूल लागते. एकाच भुलीत दोन्ही तपासण्या उरकता आल्या तर सर्वांत उत्तम. मुलीला कधी मेंदूज्वर झाला असेल तर ते डॉक्टरांना आजच सांगा. त्यानंतर कॉक्लियाच्या आत हाड भरत जाऊ शकतं, काही आठवड्यांतही, आणि मग ऑपरेशन तातडीचं होतं.

रिपोर्टबद्दल एक सूचना, कारण माझ्या केबिनबाहेर यावरून रडारड झालेली आहे. जन्मतः न ऐकणाऱ्या मुलांपैकी साधारण वीस टक्क्यांत हाडाच्या रचनेत काही दोष दिसतो. बाकीच्यांचा सीटी नॉर्मल असतो. "सगळं नॉर्मल आहे तर हिला ऐकू का येत नाही? मशीन चुकलं का?" मशीन चुकलेलं नसतं. ऐकण्याच्या केसपेशी मायक्रॉनच्या मापाच्या असतात, ०.२ मिलिमीटरच्या जाळीतून त्या दिसणं शक्य नाही. बहिरेपण अनेकदा जनुकांतून आलेलं असतं आणि ते हाडावर खूण सोडत नाही. इम्प्लांटच्या दृष्टीने नॉर्मल सीटी ही चांगली बातमी आहे: तार घालायची वाट सरळ आहे.

दोष निघालाच तर तो कुठला, यावर पुढचं ठरतं. सगळ्यांत जास्त वेळा दिसणारा म्हणजे आतल्या कानाकडून मेंदूच्या आवरणाकडे जाणारी एक बारीक नळी रुंद असणं. मध्यावर ती दीड मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर आम्ही तिला मोठी म्हणतो. काही जण ०.९ पासूनच म्हणतात. अशा मुलांना थोडं ऐकू येत असतं, आणि डोक्याला मार लागला की ते अचानक कमी होऊ शकतं. म्हणून झाडावर चढणं, धक्काबुक्कीचे खेळ यांना आवर घालायला सांगतो. कधी वेढे अडीचऐवजी दीडच असतात. १७९१ मध्ये इटलीत मोंडिनी यांनी एका बहिऱ्या मुलाच्या कानाचं विच्छेदन करून हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. अशा कानातही इम्प्लांट होतं. सर्जनना फक्त मेंदूभोवतीचं पाणी जोरात बाहेर येईल याची तयारी ठेवावी लागते. कॉक्लियाच नसणं हे फार क्वचित.

तुमच्या प्रश्नाबाहेरचं थोडं बोलते, कारण हे वाचणाऱ्यांत चक्कर येणारे काकाही असतील. अंथरुणात कूस बदलली की घर फिरतं, त्या चकरेला सीटी लागत नाही. ती आतल्या कानातले बारीक कण जागेवरून सटकल्याने येते, आणि ते सीटीत दिसत नाहीत. डॉक्टर टेबलावर मान फिरवून निदान करतात आणि बरंही करतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पंचवीस वर्षं प्रेसवर काम करून, नाहीतर तांबट गल्लीत जन्मभर भांडी ठोकून ऐकू येणं कमी झालं असेल, तर सीटी नॉर्मलच येणार. त्यांना ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, हवा. उलट कानातून घाण वास येणारा पू वर्षानुवर्षं वाहत असेल तर सीटी टाळू नका. हाड कुरतडलं जात असेल तर ते त्यात कळतं. आणि स्वतःच्या डोळ्यांची हालचाल कानात ऐकू येते असं सांगणाऱ्याला वेड्यात काढू नका. आतल्या कानातल्या वरच्या अर्धवर्तुळ नळीवरचं हाड उघडं पडलेलं असू शकतं. १९९८ मध्ये हा आजार पहिल्यांदा वर्णन झाला, आणि तो बारीक, तिरप्या कापांतच नीट दिसतो. जाड कापांत धडधाकट हाडही उघडं वाटतं, आणि माणूस विनाकारण ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचतो.

आता तुमचा दिवस कसा ठरवायचा ते. दुपारची वेळ मागून घ्या, तिच्या नेहमीच्या झोपेची. आदल्या रात्री तासभर उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा. भूल द्यायचं ठरलं असेल तर किती तास उपाशी ठेवायचं ते भूलतज्ज्ञ सांगतील, ते घड्याळ लावून पाळा; भूल नसेल तर सेंटरवर पोचल्यावर पोटभर खाऊ घालून झोपवा. झोपेचं सिरप घरून देऊन निघू नका, ते सेंटरवरच, वजन करून, डॉक्टरांसमोर. केसांतल्या क्लिपा आणि कानातले डूल घरीच काढून ठेवा. जुनी बेरा आणि आधीचे कुठलेही स्कॅन सोबत आणा.

सगळ्यांत अवघड काम गाडीतलं आहे. कोकणगाव गेलं, ओझर आलं की पोरं हमखास डुलक्या घेतात, आणि ओझरला झोपलेलं मूल नाशकात टेबलावर टक्क जागं असतं. गाणी म्हणून तिला जागं ठेवता येणार नाही. मागच्या सीटवर आईच्या मांडीत बसवा, खिडकीची काच थोडी खाली करा, ट्रक दाखवा, विमानतळाची भिंत दाखवा, बोटांचे खेळ खेळा. आडगाव नाक्यापर्यंत ती जागी राहिली की बाकीचं आमच्याकडे.